लहान विमान कंपनीतील पहिली नोकरी : सही करण्यापूर्वी काय पाहावे?

प्रश्न : सादर नमस्कार. आम्ही इंदूरला सुदामा नगरात राहतो. मी शासकीय सेवेतून निवृत्त झालो असून आमच्या धाकट्या चिरंजिवाने, वय 23, दीड वर्षापूर्वी व्यावसायिक वैमानिकाचा परवाना म्हणजे सीपीएल मिळवला. प्रशिक्षणाला एकंदर 48 लाख रुपये लागले. त्यांपैकी 30 लाख घर तारण ठेवून बँकेकडून घेतले आणि त्याचे हप्ते सुरू झाले आहेत. मोठ्या कंपन्यांच्या निवड परीक्षांत त्याला अद्याप यश आलेले नाही. आता चार एटीआर (पंख्याची लहान प्रवासी) विमाने असलेल्या एका प्रादेशिक कंपनीने त्याला सहवैमानिक म्हणून नेमणुकीचे पत्र दिले आहे. टाइप रेटिंगचा, म्हणजे त्या विशिष्ट विमानावर उडण्याची पात्रता मिळवण्याचा, खर्च 16 लाख असून त्यांतील निम्मे आम्ही रुजू होण्यापूर्वी भरायचे, उरलेले पगारातून कापले जातील. पाच वर्षांचा बॉन्ड, म्हणजे तेवढा काळ नोकरी न सोडण्याचा करार, आहे, हमी म्हणून सही केलेले सहा कोरे धनादेश मागितले आहेत आणि बेस, म्हणजे जिथून ड्युटी सुरू होते ते शहर, कोणता ते कंपनी नंतर कळवणार आहे. उत्तर पंधरा दिवसांत द्यायचे आहे. मुलाच्या मामांचे म्हणणे असे की, अशा लहान कंपनीत न अडकता त्याच पैशांत एअरबस ए-320 चे रेटिंग करून ठेवावे आणि मोठ्या कंपनीची वाट पाहावी. सौ. ना पंख्याच्या विमानाची धास्ती वाटते. मुलगा मात्र म्हणतो, कुठेही असो, उडायला मिळाले पाहिजे. आपण काय सुचवाल?
— एक वाचक, इंदूर

उत्तर : आपण सर्व तपशील मोकळेपणाने लिहिलात, त्यामुळे स्पष्ट मत देता येते. नोकरी घेण्याजोगी आहे, परंतु करार आज जसा आहे तसा सही करण्याजोगा नाही. कंपनी लहान असणे हा यातला खरा धोका नव्हे. कंपनीच्या अस्थिरतेचा भार कोणाच्या खांद्यावर टाकला आहे, हे पाहायला हवे, आणि आपल्या पत्रातील अटींनुसार तो जवळजवळ सगळा आपल्या कुटुंबावर पडतो.

प्रथम चिरंजिवांच्या म्हणण्याचा विचार करू, कारण त्यात बरेच तथ्य आहे. सीपीएल 200 तासांच्या उड्डाणावर मिळतो, तर पुढे कॅप्टन होण्यासाठी लागणाऱ्या एटीपीएल परवान्याला अन्य अटींबरोबर एकूण 1500 तास लागतात. मधले 1300 तास कोणत्याही वर्गात बसून मिळत नाहीत. ते नोकरीतच मिळवावे लागतात. कंपनीने महिन्याला 60 तास उडवले तर हे अंतर पावणेदोन-दोन वर्षांत कापले जाते; 25 तासच उडवले तर चार वर्षांहून अधिक काळ लागतो. पत्रातला पगार एकच असला तरी या दोन नोकऱ्या सर्वस्वी भिन्न आहेत. म्हणून कंपनीला पहिला प्रश्न पगाराचा नव्हे, तर गेल्या वर्षात तिच्या सहवैमानिकांना महिन्याला सरासरी किती तास मिळाले, हा विचारावा. शक्यतो तिथल्याच दोघा-तिघा सहवैमानिकांना भेटून त्यांची लॉगबुके (उड्डाणांच्या नोंदवह्या) पाहावीत. नवख्या मुलाला लॉगबुक दाखवायला सहसा कोणी नकार देत नाही.

मामांची सूचना आपुलकीपोटी आहे, यात शंका नाही, पण ती मानू नये असे मी आग्रहाने सांगेन. नोकरी हातात नसताना स्वतःच्या पैशाने ए-320 चे रेटिंग करून बसलेले अनेक तरुण आज आहेत. रेटिंगचे मोल उड्डाणात असते. सिम्युलेटरवर मिळवलेले कौशल्य वापराविना मंदावते, ते ताजे ठेवायला पुन्हा पैसे मोजावे लागतात, आणि तरीही निवड होईलच याची खात्री कोणी देत नाही. नुसते थांबण्यालाही खर्च आहेच. पहिल्या वर्गाची वैद्यकीय तपासणी आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंग (केवळ उपकरणांच्या आधारे उडण्याची पात्रता) दरवर्षी नव्याने करावे लागते, आणि प्रत्येक मुलाखतीत मधल्या काळात काय केले, हा प्रश्न येतोच. मोठ्या कंपन्यांकडे वैमानिकांना मागणी नाही, असे नाही. 2023 या एकाच वर्षात एअर इंडियाने 470 आणि इंडिगोने 500 विमानांची मागणी नोंदवली. मात्र ही विमाने कित्येक वर्षांत टप्प्याटप्प्याने येणार असून हप्ते दर महिन्याला येतात. शिवाय एटीआरचा अनुभव वाया जातो, हा समजही बरोबर नाही. खुद्द इंडिगो 2017 पासून एटीआर चालवते, त्यामुळे या विमानावरचे रेटिंग आणि तास मोठ्या कंपनीच्या दारातही चालतात.

आता सौभाग्यवतींच्या धास्तीविषयी. बाहेर पंखा दिसत असला तरी एटीआर 72 चे इंजिन टर्बाइनचेच असते. जेट विमानात जी शक्ती झोताच्या रूपाने बाहेर पडते, तिचा मोठा भाग इथे पंखा फिरवण्यास लावलेला असतो. लहान अंतरासाठी आणि आखूड धावपट्टीसाठी ती किफायतशीर रचना आहे. नेपाळमधील पोखरा येथे 15 जानेवारी 2023 रोजी एटीआर कोसळून 72 माणसे दगावली, ती बातमी त्यांच्या मनात असणे स्वाभाविक आहे. त्या अपघाताच्या चौकशीत असे आढळले की, उतरण्याच्या तयारीत फ्लॅपची (पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या भागाची) तरफ हलवण्याऐवजी शेजारच्या, पंख्याच्या पात्यांचा कोन बदलणाऱ्या तरफा हलवल्या गेल्या आणि दोन्ही पंख्यांचा जोर नाहीसा झाला. प्रशिक्षण, एकमेकांचे काम तपासण्याची शिस्त आणि वैमानिकांचे अवधान या गोष्टी किती निर्णायक असतात, हे यातून दिसते. म्हणून काळजी विमानाच्या आकाराची करण्याऐवजी कंपनीचे प्रशिक्षक कोण आहेत याची करावी. सिम्युलेटर कुठे आणि किती तासांचा आहे, लाइन ट्रेनिंगमध्ये, म्हणजे प्रशिक्षकासोबत प्रत्यक्ष प्रवासी उड्डाणांवरील शिक्षणात, किती सेक्टर (एका विमानतळाहून दुसऱ्यापर्यंतची उड्डाणे) देतात, प्रशिक्षण देणारे कॅप्टन स्वतःचे आहेत की बाहेरून तात्पुरते आणलेले, आणि मागच्या तुकडीतील मुले किती महिन्यांत रिलीज झाली, म्हणजे प्रशिक्षण संपवून नियमित उड्डाणाला मोकळी झाली, हे मुलाने विचारावे. एकाच कंपनीत चौघे नवखे आणि प्रशिक्षक कॅप्टन एकच असला की रिलीजसाठी महिनेच्या महिने रांग लागते, आणि तो काळ बहुधा अपुऱ्या विद्यावेतनावर काढावा लागतो.

शिकण्याच्या दृष्टीने मात्र एटीआरसारखी शाळा नाही, असे माझे ठाम मत आहे. मोठे जेट 35 हजार फुटांवर बहुतांश हवामानाच्या वरून जाते. एटीआरची कमाल मर्यादाच 25 हजार फूट असल्याने तिला ढगांमधून, त्यांच्या शेजारून, वाट काढत जावे लागते. या विमानात जेटसारखी आपोआप वेग राखणारी ऑटोथ्रॉटल यंत्रणा नाही. उतरताना वाऱ्याचा झोत आला की शक्ती हातानेच कमी-अधिक करावी लागते. पहाटे बेसवर हजर होऊन श्वासाची मद्यचाचणी द्यायची, हवामानाचे कागद वाचायचे, टॉर्च घेऊन विमानाला प्रदक्षिणा घालत टायर, पाती आणि तेलाचे ओघळ पाहायचे, मग पाऊण-एक तासाचा सेक्टर, वीस-पंचवीस मिनिटांत प्रवासी उतरवून-चढवून वजनाचा ताळेबंद पुन्हा मांडायचा आणि परत उड्डाण, असे दिवसात चार वेळा होते. जमिनीवर उभे असताना या विमानात उजव्या इंजिनाचा पंखा ब्रेकने धरून ठेवतात आणि इंजिन चालूच ठेवून वीज व थंड हवा घेतात, कारण मोठ्या जेटप्रमाणे मागे वेगळे सहायक इंजिन नसते. अशा लहानसहान गोष्टींतून यंत्राची जाण येते. लांब पल्ल्याच्या विमानातील सहवैमानिकाला महिन्यात जितकी लँडिंग मिळतात, तितकी इथे कधी आठवड्यात मिळून जातात.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. आपल्या देशातील प्रादेशिक कंपन्यांचे अर्थकारण बव्हंशी उडान योजनेवर उभे आहे. ही योजना 2016 मध्ये जाहीर झाली आणि 27 एप्रिल 2017 रोजी शिमला–दिल्ली मार्गावर तिचे पहिले विमान उडाले. सुमारे तासाभराच्या प्रवासाला 2500 रुपयांची भाडेमर्यादा ठरवून कंपनीचा तोटा शासनाने भरून द्यावा, अशी ती रचना आहे. परंतु हे साहाय्य एका मार्गाला साधारणतः तीन वर्षेच मिळते. त्यानंतर काय होते, हे भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक म्हणजे कॅग यांच्या 2023 च्या अहवालात नोंदले आहे. पहिल्या तीन फेऱ्यांत दिलेल्या 774 मार्गांपैकी 403 सुरूच झाले नाहीत. सुरू झालेल्या 371 पैकी तीन वर्षांचा काळ 112 मार्गांनी पूर्ण केला, आणि मार्च 2023 मध्ये त्यांतील 54 मार्ग चालू होते. आपल्या मुलाचा बॉन्ड पाच वर्षांचा आहे आणि ज्या मार्गांवर तो उडणार त्यांचे साहाय्य तीन वर्षांचे, हे कृपया शांतपणे लक्षात घ्यावे. कंपनीचे कोणते मार्ग योजनेतील आहेत, त्यांची मुदत कधी संपते आणि योजनेबाहेर किती मार्ग स्वबळावर चालतात, हे मुलाखतीत विचारणे अजिबात उद्धटपणाचे नाही.

प्रादेशिक कंपन्यांपैकी एअर पेगासस 2016 मध्ये, एअर कोस्टा 2017 मध्ये आणि ट्रूजेट 2022 मध्ये थांबली. मोठेपणानेही संरक्षण मिळत नाही. जेट एअरवेजचे शेवटचे विमान 17 एप्रिल 2019 रोजी उडाले, आणि कंपनी अवसायनात काढण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला तो 7 नोव्हेंबर 2024 रोजी. थकलेल्या पगारासाठी माणसे साडेपाच वर्षे ताटकळली. तेव्हा कंपनी बुडू शकते म्हणून नोकरी नाकारावी, असे मी म्हणत नाही. बुडाली तर मुलाजवळ रेटिंग आणि तास असावेत आणि आपले पैसे तिच्याकडे अडकलेले नसावेत, एवढीच व्यवस्था सही करण्यापूर्वी करून घ्यायची आहे.

कंपनीची प्रकृती घरबसल्या बरीचशी पाहता येते. डीजीसीए म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय दर महिन्याला देशांतर्गत वाहतुकीचा अहवाल प्रसिद्ध करते. त्यात कंपनीनिहाय रद्द उड्डाणांचे प्रमाण आणि कारणे असतात. मागील बारा महिन्यांचे रकाने शेजारी मांडून पाहावेत. हिवाळ्यात धुक्यामुळे रद्द होणे समजण्यासारखे आहे, पण मे महिन्यात तांत्रिक कारणाने सातत्याने उड्डाणे रद्द होत असतील तर सुटे भाग मिळत नाहीत, असा त्याचा अर्थ होऊ शकतो. दुसरे, फ्लाइटरडार24 वर कंपनीच्या विमानांचे व्हीटी-पासून सुरू होणारे नोंदणी क्रमांक टिपून दोन आठवडे रोज रात्री पाच मिनिटे बघावे की, चारही क्रमांक उडतात की दोनच फिरत राहतात. दोन विमाने उभी असतील तर कागदावरची चार विमानांची कंपनी प्रत्यक्षात दोन विमानांचीच आहे, आणि रोस्टरमध्ये (ड्युटीच्या तक्त्यात) कात्री सर्वांत कनिष्ठ सहवैमानिकाच्या तासांना लागते. तिसरी गोष्ट आपल्यासारख्या शासकीय नोकरी केलेल्या माणसाच्या चटकन ध्यानात येईल : भविष्य निर्वाह निधी संघटनेच्या संकेतस्थळावर आस्थापनेचे नाव शोधले की महिन्यागणिक भरणा कधी आणि किती कर्मचाऱ्यांचा झाला, ते दिसते. भरणा दोन-दोन महिने लांबत असेल, तर पगारही लांबत असणार, असे समजून पुढची चौकशी करावी.

करारातील सर्वांत महत्त्वाची अट आगाऊ 8 लाखांची आहे. रेटिंगचा खर्च कंपनीने करून त्याबदल्यात बॉन्ड घेतला, तर मुलाला लवकर उडवण्यात तिचे हित असते, कारण गुंतवलेला पैसा त्याच्या कामातूनच वसूल व्हायचा असतो. पैसे आपणच भरले आणि बॉन्डही आपणच दिला, तर त्याला बसवून ठेवल्याने कंपनीचे काहीच जात नाही. दोन्ही ओझी एकाच बाजूला असू नयेत, हे माझे यावरील साधे म्हणणे आहे. म्हणून आपण लेखी प्रस्ताव द्यावा : आगाऊ रक्कम घेऊ नये आणि तीन वर्षांचा बॉन्ड असावा, किंवा आगाऊ रक्कम घ्यायचीच असेल, तर ती कंपनीच्या खात्यात न देता प्रशिक्षण संस्थेला थेट टप्प्याटप्प्याने द्यावी आणि बॉन्ड त्या प्रमाणात कमी करावा. त्याचबरोबर ठरावीक मुदतीत लाइन ट्रेनिंग पूर्ण झाले नाही, पगार दोन महिने थकला किंवा कंपनीने उड्डाणे थांबवली, तर बॉन्ड आपोआप संपेल, हे वाक्य करारात असलेच पाहिजे. दर महिन्याच्या किमान तासांचा भत्ता उड्डाण झाले नाही तरी मिळेल, हीही अट मागावी. ती सगळ्याच कंपन्या मान्य करतील असे नाही.

बॉन्ड कायद्याने टिकत नाही, असे कोणी सांगेल. त्यावर विसंबू नये. सर्वोच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये एका सरकारी बँकेच्या प्रकरणात किमान सेवेची अट आणि ती मोडल्यास द्यावयाची 2 लाखांची भरपाई वैध ठरवली आहे. दुसऱ्या बाजूने भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 74 प्रमाणे वाजवी भरपाईच मिळू शकते, करारात लिहिलेला आकडा ही फक्त तिची वरची मर्यादा असते. म्हणून बॉन्डची रक्कम प्रत्यक्ष खर्चाइतकी असावी आणि सेवा जसजशी होईल तसतशी दर महिन्याने घटत जावी. कोरे धनादेश मात्र कोणत्याही परिस्थितीत देऊ नयेत. द्यायचेच ठरले तर रक्कम आणि कारण लिहूनच द्यावेत, त्यांचे क्रमांक करारात नोंदवून घ्यावेत आणि ते कधी परत मिळतील तेही लिहून घ्यावे. धनादेश न वटल्यास परक्राम्य संलेख अधिनियमाच्या (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्ट) कलम 138 खाली फौजदारी खटला होतो, आणि कोवळ्या वयाच्या वैमानिकाला असा खटला फार जड जातो. बॉन्ड संपल्यानंतरही सहवैमानिकाला डीजीसीएच्या नियमानुसार सहा महिन्यांची नोटीस द्यावी लागते, हेही हिशेबात धरावे. इंदूरमध्ये एखाद्या चांगल्या वकिलाला कराराचा मसुदा दाखवण्याची फी या सगळ्या रकमांपुढे नगण्य आहे.

बेस नंतर कळवणार, ही अट तितकी निरुपद्रवी नाही. अमेरिकेत 12 फेब्रुवारी 2009 रोजी बफेलो शहराजवळ कोलगन एअर या प्रादेशिक कंपनीचे विमान पडून 50 जण गेले. त्या उड्डाणातील सहवैमानिक आदल्या रात्री देशाच्या दुसऱ्या टोकाच्या सिअ‍ॅटलहून प्रवास करून बेसवर पोहोचली होती, आणि कॅप्टनने रात्र विमानतळावरील कर्मचारी कक्षात काढली होती. या अपघातानंतर अमेरिकेने सहवैमानिकासाठीही सर्वसाधारणपणे 1500 तासांची अट घातली. आपल्याकडे 200 तासांचा तरुण प्रवासी विमानाच्या उजव्या आसनावर बसतो, म्हणून त्याची झोप, विश्रांती आणि राहण्याची सोय हा चैनीचा विषय मानू नये. नव्या नियमांनी आठवड्याची सलग विश्रांती 36 तासांवरून 48 तासांवर नेली आहे. ती कागदावर न राहता प्रत्यक्ष मिळावी यासाठी मुलाने बेसवरच खोली घेऊन राहावे. सुट्टीत इंदूरला धावत येऊन पहाटेच्या ड्युटीला थकून हजर होण्याची सवय लावून घेऊ नये. बेसचे नाव नेमणूक पत्रात लिहून घ्यावे आणि घरभाडे वजा जाता हप्त्यासाठी किती उरते, ते त्या शहराच्या भाड्याने मोजावे. रिलीज होईपर्यंतचे सहा-आठ महिने मुलाच्या पगारातून हप्ता निघणार नाही, असे गृहीत धरून तेवढी रक्कम आपल्याकडे आजच बाजूला आहे का, हे पती-पत्नींनी मिळून पाहावे. नसेल, तर कंपनीशी बोलण्यापूर्वी बँकेशी हप्त्यांची फेरमांडणी करण्याविषयी बोलावे.

पंधरा दिवसांची मुदत अपुरी वाटली तर आणखी आठवडाभर मागण्यास संकोच करू नये. प्रशिक्षणाची तुकडी ठरलेली असली तरी कंपन्या तेवढे थांबतात. आगाऊ रक्कम थेट संस्थेला, बॉन्ड संपण्याची अट आणि कोऱ्या धनादेशांना नकार, या तीन गोष्टी मान्य झाल्या तर मुलाने आनंदाने रुजू व्हावे. तिन्ही नाकारल्या गेल्या तर हे पत्र परत करून इतर एटीआर कंपन्यांकडे अर्ज करावेत, कारण ज्या कंपनीला 8 लाख रुपये स्वतःच्याच खात्यात आणि आजच हवे आहेत, तिची निकड प्रशिक्षणाची नसण्याची शक्यता मोठी आहे.

प्रश्न : माझी मुलगी नुकतीच सीपीएल झाली असून तिला नऊ प्रवाशांच्या सेस्ना कॅरॅव्हान विमानावर सहवैमानिक म्हणून काम मिळत आहे. हे तास पुढे धरले जातात का?
— एक वाचिका, इंदूर

उत्तर : धरले जातात, पण पूर्ण धरले जातील असे गृहीत धरू नये. कॅरॅव्हान हे विमान मुळात एका वैमानिकासाठी प्रमाणित आहे. नियमामुळे दुसरा वैमानिक बसवला असेल, तर आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या पहिल्या परिशिष्टाप्रमाणे सहवैमानिकाचे तास वरच्या परवान्यासाठी जास्तीत जास्त निम्मे धरले जातात. शिवाय ते एक इंजिनाचे विमान असल्याने बहुइंजिनी अनुभवात त्याची भर पडत नाही. कंपनी लॉगबुकात हे तास कोणत्या रकान्यात नोंदवते, कॅप्टनच्या देखरेखीखाली स्वतः विमान चालवल्याचे तास वेगळे प्रमाणित करून देते का, आणि किती काळाने कॅप्टन म्हणून बसवते, हे लेखी विचारावे. तेच उत्तर घेऊन डीजीसीएच्या परवाना शाखेकडे ईमेलने खात्री करून घ्यावी. वर्ष-दीड वर्षात कॅप्टनची जागा देत असतील, तर हे काम अवश्य घ्यावे, कारण स्वतःच्या जबाबदारीवर उडवलेले तास प्रत्येक पुढच्या अर्जात मोलाचे ठरतात.